कस लावण्याची रीत : विद्यार्थ्यांच्या कामाचे मूल्यमापन आणि निकषतक्ता

विद्यार्थ्याने लिहिलेला निबंध, केलेला प्रकल्प अथवा दाखविलेला प्रयोग शिक्षकांच्या हाती आला, की त्यावर लाल शाईने एक आकडा उमटतो. दहापैकी सहा, वीसपैकी तेरा. हा आकडा प्रगतिपत्रकात जातो, पालक तो वाचतात आणि मूल तो मनात ठेवते. परंतु सहाच गुण का मिळाले, सात का मिळाले नाहीत, आणि सातव्या गुणासाठी काय करावयास हवे होते, याचे उत्तर त्या आकड्यात नसते. पुष्कळदा ते गुण देणाऱ्यापाशीही नेमकेपणाने नसते. मूल्यमापनातील ही उणीव दूर करण्याचे एक साधे व बिनखर्ची साधन म्हणजे निकषतक्ता होय.

जळगाव जिल्ह्यातील एरंडोल हे अंजनी नदीच्या काठी वसलेले तालुक्याचे गाव. हातकागदाच्या निर्मितीसाठी ते एके काळी खानदेशात प्रसिद्ध होते. तो व्यवसाय मागे पडला. आज तालुक्यातील मुले लिहितात तो कागद कारखान्यातून येतो. कागद कोठलाही असो, त्यावर मुलाने जे लिहिले त्याचे मोल न्यायाने कसे करावे, हा प्रश्न एरंडोलच्या शाळांपुढे आहे आणि राज्यातील प्रत्येक शाळेपुढेही आहे. घरी अहिराणी बोलणारी आणि शाळेत प्रमाण मराठी लिहिणारी मुले ज्या वर्गात बसतात, तेथे तर तो अधिकच नाजूक होतो.

एक उत्तरपत्रिका, अनेक गुण

अनुभवी शिक्षकाची नजर चुकत नाही, असा आपला समज असतो. त्याची परीक्षा शंभराहून अधिक वर्षांपूर्वी झाली. १९१२ मध्ये अमेरिकेतील डॅनियल स्टार्च व एडवर्ड इलियट या अभ्यासकांनी इंग्रजीच्या एकाच उत्तरपत्रिकेच्या प्रती अनेक माध्यमिक शाळांकडे पाठविल्या. १४२ शिक्षकांनी ती तपासली. शंभरपैकी सर्वांत कमी गुण होते ६४ व सर्वांत जास्त ९८. भाषेच्या विषयात असे व्हावयाचेच, असे कोणी म्हणू नये, म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका घेतली. तिला २८ पासून ९५ पर्यंत गुण मिळाले. कोणी केवळ अंतिम उत्तर पाहिले, कोणी रीत पाहिली, तर कोणी टापटिपीचेही गुण धरले.

पुढे १९६१ मध्ये पॉल डीडरिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३०० निबंध ५३ वाचकांकडून तपासून घेतले. हे वाचक वेगवेगळ्या व्यवसायांतील जाणकार होते. गुणांच्या नऊ पायऱ्या होत्या. १०१ निबंध असे निघाले, की त्यांना पहिल्या पायरीपासून नवव्या पायरीपर्यंत प्रत्येक पायरीवर कोणी ना कोणी बसविले होते. पाचांहून कमी पायऱ्यांवर ज्याचे मत पडले, असा एकही निबंध नव्हता. या मतभेदाचा शोध घेता असे आढळले, की कोणी विचारांना महत्त्व देत होते, कोणी रचनेला, कोणी शुद्धलेखनाला, कोणी शब्दयोजनेला, तर कोणी लेखनातील जिवंतपणाला. परीक्षक निष्काळजी नव्हते. प्रत्येक जण प्रामाणिकपणे परंतु निराळ्या वस्तूचे माप घेत होता. आपण कशाचे माप घेत आहोत, हे आधी ठरवून लिहून ठेवले पाहिजे, हा धडा या प्रयोगातून मिळाला.

महाराष्ट्रातील अनुभव

कोठारी आयोगाने १९६६ मध्येच मूल्यमापन ही अखंड चालणारी प्रक्रिया असल्याचे सांगून शाळांतर्गत मूल्यमापनाचा आग्रह धरला होता. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ ने ‘सर्वंकष व सातत्यपूर्ण मूल्यमापन’ कायद्यात आणले आणि महाराष्ट्र शासनाने २०१० मध्ये पहिली ते आठवीसाठी त्याची योजना लागू केली. मूल्यमापनाचे आकारिक व संकलित असे दोन भाग करण्यात आले. पहिली-दुसरीसाठी आकारिक मूल्यमापनास ७० व संकलित मूल्यमापनास ३० टक्के भार ठरला. तिसरी-चौथीसाठी हे प्रमाण ६० व ४०, पाचवी-सहावीसाठी ५० व ५०, तर सातवी-आठवीसाठी ४० व ६० असे ठरले. दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय व अन्य तंत्रे अशी साधने शिक्षकांच्या हाती देण्यात आली. गुणांऐवजी श्रेणी आणि श्रेणीसोबत वर्णनात्मक नोंद अपेक्षिण्यात आली.

योजनेचा हेतू थोर होता. मुलाच्या वर्षभराच्या कामाला मोल यावे, एका दिवसाच्या परीक्षेचे भय कमी व्हावे, हा तो हेतू. परंतु कार्यवाहीत एक अडचण आली. प्रकल्पाला दहापैकी आठ द्यावयाचे ते कशाच्या आधारे, हे बहुतेक ठिकाणी कोठेच लिहिलेले नव्हते. वर्णनात्मक नोंदींच्या तर तयार याद्या हातोहात फिरू लागल्या. ‘प्रकल्प नीटनेटका पूर्ण करतो’, ‘उपक्रमात उत्साहाने भाग घेतो’ अशी वाक्ये एकामागून एक मुलांच्या नावापुढे उतरविली गेली. नोंदवही भरली, पण ती वाचून एका मुलाला दुसऱ्यापासून ओळखता येईना.

दहावीच्या पातळीवर हाच प्रश्न अधिक ठळकपणे पुढे आला. शाळेने द्यावयाचे अंतर्गत गुण सढळ हाताने दिले जातात, अशी टीका होत होती. २०१८-१९ या वर्षी भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांतील शाळांकडे असलेले २० गुण बंद करण्यात आले. मार्च २०१८ च्या परीक्षेत राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता, तो मार्च २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. अभ्यासक्रमही त्याच वर्षी बदललेला असल्याने ही सारी घट एकाच कारणाची मानता येणार नाही. तथापि पालकांमध्ये अस्वस्थता पसरली, अंतर्गत गुण पुन्हा सुरू करण्यात आले आणि मार्च २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. गुण शाळेकडे असावेत की नसावेत, यावर तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. ते कोणत्या निकषांवर द्यावेत, यावर मात्र फारशी झाली नाही. वास्तविक खरा प्रश्न तोच आहे. निकष लिहिलेला नसेल, तर शाळेने दिलेल्या गुणांवर विश्वास बसत नाही. आणि विश्वास नसेल, तर मुलाचे वर्षभराचे काम पुन्हा तीन तासांच्या उत्तरपत्रिकेपुढे निष्प्रभ ठरते.

निकष म्हणजे कसोटीचा दगड

इंग्रजीत या साधनास ‘रूब्रिक’ म्हणतात आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत हाच शब्द रूढ आहे. लाल मातीच्या लॅटिन नावावरून तो आला. युरोपातील हस्तलिखितांत मथळे व सूचना लाल शाईने लिहीत, त्यांना हे नाव पडले. आपल्याकडील पोथ्यांतही महत्त्वाच्या खुणा हिंगुळाच्या लाल रंगाने करीत असत. मराठीत यासाठी ‘निकषतक्ता’ हा शब्द अधिक अर्थवाही ठरेल.

निकष या शब्दाचा मूळ अर्थच सोन्याचा कस पाहण्याचा दगड असा आहे. जळगावची सराफ पेढी खानदेशातील घराघराला ठाऊक आहे. कसोटीच्या काळ्या दगडावर दागिना घासला, की त्याची रेघ उमटते. जुना सराफ केवळ त्या रेघेकडे पाहून निर्णय देत नसे. ज्यांचा कस आधीच माहीत आहे अशा सोन्याच्या रेघा तो शेजारी ओढी आणि नवी रेघ कोणत्या रेघेशी जुळते हे पाही. निकषतक्त्याचे कार्य नेमके हेच आहे. मुलाच्या कामात काय पाहावयाचे, ते निकष म्हणून एका बाजूला लिहावयाचे. आणि प्रत्येक निकषात कोणत्या पातळीचे काम कसे दिसते, त्याचे वर्णन समोर लिहून ठेवावयाचे. मुलाचे काम ज्या वर्णनाशी जुळेल, ती त्याची पातळी.

तक्ता तयार करण्याची पद्धत

एरंडोल तालुक्यातील एखाद्या शाळेत सातवीच्या वर्गाला ‘अंजनी नदी आणि आपले गाव’ हा प्रकल्प दिला आहे, असे समजू या. तक्ता करताना पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा, की या प्रकल्पातून मुलाने काय शिकावे. नदीचे सुंदर चित्र काढावे, हा हेतू नाही. स्वतः माहिती मिळवावी, तिच्यावर विचार करावा, ती क्रमाने मांडावी आणि समजेल अशा भाषेत लिहावी, हा हेतू आहे. तेव्हा निकषही हेच चार. प्रत्येक निकषाच्या चार पातळ्या पुढीलप्रमाणे लिहिता येतील.

माहितीचे संकलन. पातळी ४ : जाणत्या व्यक्तींची मुलाखत, प्रत्यक्ष पाहणी, पुस्तक अशा किमान तीन प्रकारांनी माहिती मिळविली व कोणती माहिती कोठून मिळाली हे लिहिले. पातळी ३ : दोन प्रकारांनी माहिती मिळविली, तिचा उगम बहुतेक ठिकाणी सांगितला. पातळी २ : एकाच ठिकाणाहून माहिती उतरवून घेतली. पातळी १ : माहिती तुटक असून विषयाशी तिचा संबंध थोडा.

विचार व निष्कर्ष. पातळी ४ : मिळालेल्या माहितीवरून निष्कर्ष काढला, त्याचे कारण दिले व पुढे शोधण्याजोगा एखादा प्रश्न मांडला. पातळी ३ : निष्कर्ष काढला व कारण दिले. पातळी २ : निष्कर्ष आहे, कारण नाही. पातळी १ : केवळ माहिती दिली आहे.

मांडणी. पातळी ४ : मजकुराचे भाग क्रमाने असून नकाशा वा तक्ता मजकुराशी जोडलेला आहे. पातळी ३ : क्रम आहे, नकाशा वा चित्र आहे, परंतु मजकुरात त्याचा उपयोग केलेला नाही. पातळी २ : क्रम पुष्कळ ठिकाणी तुटतो. पातळी १ : क्रम लागत नाही.

लेखनाची भाषा. पातळी ४ : वाक्ये पूर्ण, चुका तुरळक. पातळी ३ : काही चुका आहेत, परंतु अर्थ कोठेही अडत नाही. पातळी २ : चुका बऱ्याच असून एकदोन ठिकाणी अर्थ अडतो. पातळी १ : अर्थ पुन्हा पुन्हा अडतो.

माहिती स्वतः मिळविणे हा प्रकल्पाचा गाभा असल्याने पहिल्या निकषाचे गुण दुप्पट धरावेत. म्हणजे त्याचे ८ व उरलेल्या तिन्हींचे प्रत्येकी ४, असे एकूण २० गुण होतात. प्रकल्पासाठी १० गुण ठेवलेले असतील, तर बेरीज निम्मी करावी.

येथे एक पथ्य पाळणे अगत्याचे आहे. ‘उत्तम’, ‘चांगले’, ‘बरे’, ‘असमाधानकारक’ एवढेच शब्द चार रकान्यांत लिहिले, तर तो निकषतक्ता होत नाही, कारण ‘चांगले’ म्हणजे काय हा मूळ प्रश्न तसाच राहतो. डोळ्यांना दिसेल, बोट ठेवून दाखविता येईल, असेच वर्णन लिहिले पाहिजे. निकषही चार-पाचांहून अधिक नसावेत. पंधरा निकषांचा तक्ता कागदावर भारदस्त दिसतो, परंतु चाळीस मुलांच्या वर्गात तो वापरणे शक्य होत नाही.

दोन वह्या, एक कसोटी

आता अशी कल्पना करावी, की शिक्षकांपुढे दोन प्रकल्प आले आहेत. पहिल्याचे मुखपृष्ठ रंगीत आहे, दुकानातून आणलेली चित्रे नीट चिकटविली आहेत, अक्षर वळणदार आहे, भाषा निर्दोष आहे. मजकूर मात्र एका पुस्तकातून उतरविलेला आहे. दुसरा प्रकल्प साध्या वहीच्या पानांवर आहे. त्या मुलीने गल्लीतील तीन वृद्धांना विचारून पूर्वी नदी किती महिने वाहत असे हे लिहून घेतले आहे. काठावरील विहिरी तिने स्वतः पाहिल्या आहेत, पुस्तकातील माहितीशी हे सारे ताडून पाहिले आहे आणि पाणी लवकर का आटते याविषयी आपला तर्क कारणासह मांडला आहे. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ आहेत व मजकूर मागेपुढे झाला आहे.

घाईच्या नजरेला पहिला प्रकल्प सरस वाटेल. तक्ता लावून पाहिल्यास पहिल्याला संकलनाचे ४, विचाराचा १, मांडणीचे ३ व भाषेचे ४, असे १२ गुण मिळतात. दुसऱ्याला संकलनाचे ८, विचाराचे ३, मांडणीचे २ व भाषेचे २, असे १५ गुण मिळतात. पहिल्या मुलाचे सुवाच्य लेखन व्यर्थ ठरले नाही, त्याचे मोल त्याला मिळालेच. परंतु दुसऱ्या मुलीचे खरे कष्ट चुकांच्या लाल खुणांखाली झाकले गेले नाहीत.

खानदेशातील शाळांच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. येथील बोलीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. ‘डोळा’ हा ‘डोया’ होतो, ‘काळा’ हा ‘काया’ होतो. मूल जसे बोलते तसे लिहिते. एकच सरसकट आकडा द्यावयाचा असला, की अशा प्रत्येक शब्दाचा भुर्दंड नकळत साऱ्या कामावर बसतो, आणि निरीक्षणात व विचारात पुढे असलेले मूल ‘कच्चे’ ठरते. भाषेचा निकष स्वतंत्र ठेवला, की त्या चुकीची किंमत तेवढ्यापुरती राहते. प्रमाण मराठीचे लेखन शिकविण्याचे काम त्यामुळे सैल पडत नाही. उलट कोठे सराव हवा, हे मुलाला व शिक्षकांना नेमके कळते. वृद्धांच्या मुलाखतीत त्यांचे बोल अहिराणीतच उतरविले असतील, तर ती चूक मानूच नये. तो पुराव्याचा अस्सलपणा आहे.

तक्त्याचा वापर

निकषतक्ता काम तपासताना कपाटातून काढावयाचा नसतो. काम देतानाच तो मुलांपुढे ठेवावयाचा असतो. फळ्यावर अथवा भिंतीवरील मोठ्या कागदावर तो लिहिला, की आपल्याकडून काय अपेक्षित आहे हे पहिल्या दिवशीच मुलांना समजते. मागील वर्षीचे एकदोन प्रकल्प, नावे झाकून, वर्गात दाखवावेत आणि ते कोणत्या पातळीवर बसतात हे मुलांनाच ठरवू द्यावे. काम पूर्ण झाल्यावर मुलाने प्रथम आपली पातळी स्वतः लिहावी, शेजारच्या मुलाने आपले मत द्यावे आणि शेवटी शिक्षकांनी निर्णय करावा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने समग्र प्रगतिपत्रकात शिक्षकांच्या मूल्यमापनासोबत स्वयंमूल्यमापन व सहाध्यायी मूल्यमापन अपेक्षिले आहे. निकष समोर नसेल, तर सहाध्यायी मूल्यमापन मैत्रीचे किंवा रुसव्याचे होण्याचा संभव असतो.

दुसरी पायरी शिक्षकांच्या परस्पर पडताळणीची. दहावीच्या उत्तरपत्रिकांबाबत परीक्षकांच्या कामावर नियामक असतात, हे सर्वांना परिचित आहे. प्राथमिक शाळांसाठी अशी यंत्रणा उभी करण्याची गरज नाही. केंद्राच्या शिक्षण परिषदेत शिक्षक एकत्र येतात, तेथे पाच प्रकल्पांच्या प्रती सर्वांनी एकाच तक्त्याने, एकमेकांचे गुण न पाहता तपासाव्यात आणि मग आकडे ताडून पाहावेत. जेथे दोन शिक्षकांत दोन पातळ्यांचे अंतर पडेल, तेथे बहुधा तक्त्यातील एखादा शब्द संदिग्ध असतो. तो शब्द बदलावा. दोन-तीन बैठकांत तक्ता पक्का होतो आणि एका गावचा ‘चार’ दुसऱ्या गावच्या ‘चार’शी जुळू लागतो.

तिसरा लाभ वर्णनात्मक नोंदीचा. तक्ता भरला, की नोंद वेगळी शोधावी लागत नाही. ‘तीन जाणत्यांना विचारून माहिती मिळविली व कारणासह निष्कर्ष काढला, मजकुराचे भाग पाडण्याचा व शुद्धलेखनाचा सराव हवा’ ही नोंद त्या एकाच मुलीची आहे, दुसऱ्या कोणाच्या नावापुढे ती शोभणार नाही. पालक सभेत अशी नोंद वाचून दाखविल्यास शेतमजुरी करणाऱ्या आईलाही आपली मुलगी कोठे पुढे आहे व कोठे मागे आहे, हे समजते.

मर्यादा व दक्षता

निकषतक्ता हे साधन आहे, त्याचे कर्मकांड होता कामा नये. प्रत्येक गृहपाठाला तक्ता लावणे अनावश्यक आहे. सरळ उदाहरणाचे उत्तर बरोबर की चूक, हे तक्त्याविना कळते. निबंध, प्रकल्प, प्रयोग, तोंडी निवेदन अशा ज्या कामांत मुलाच्या विचाराला व कल्पनेला वाव असतो, तेथेच त्याचा उपयोग करावा. दोन शिक्षकी शाळेत अनेक इयत्ता एकत्र सांभाळाव्या लागतात. तेथे एका सत्रात एका विषयाचा एक तक्ता पुरेसा आहे. दुसरे असे, की तक्त्यात न बसणारे परंतु विलक्षण असे काही एखादे मूल करून दाखविते. अशा वेळी तक्त्याखाली एक ओळ मोकळी ठेवावी आणि तेथे ते नोंदवावे. तसेच दुसऱ्याचा छापील तक्ता जसाच्या तसा वापरू नये. तयार नोंदींच्या यादीने जे घडले तेच तयार तक्त्यानेही घडेल. नमुना पाहावा, परंतु आपल्या वर्गातील कामासाठी शब्द आपले असावेत.

२०२३ मध्ये राज्यात पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षेची तरतूद पुन्हा करण्यात आली. परीक्षेला महत्त्व येते, तेव्हा वर्षभराच्या कामाकडे दुर्लक्ष होण्याचा धोका असतो. हे काम विश्वासार्ह रीतीने मोजले गेले, तरच त्याचे स्थान टिकेल. त्यासाठी नवा निधी वा नवे पद लागत नाही. एक कागद, चार निकष आणि ते आधी जाहीर करण्याची तयारी एवढे पुरते. शाळा व्यवस्थापन समित्यांनी आपल्या बैठकीत मुलांच्या निकालाचे आकडे पाहतानाच ते कोणत्या निकषांवर दिले, हे विचारण्याची प्रथा पाडावी. केंद्रप्रमुखांनी येत्या सत्रात आपल्या केंद्रापुरता एक प्रकल्प निवडून त्याचा तक्ता शिक्षकांकडून तयार करवून घ्यावा. आपल्याला मिळालेल्या गुणाचे कारण विचारण्याचा हक्क प्रत्येक मुलाला आहे, आणि त्या प्रश्नाचे उत्तर आधीच लिहून ठेवलेले असणे हे चांगल्या शाळेचे लक्षण मानले पाहिजे.